घाटात उणे चाळीस

खंडाळ्याच्या चढावर माझ्या गाडीच्या इंजिनाचं तापमान एकदम उणे ४० अंशांवर गेलं. बाहेर मे महिन्याचं ऊन, मागच्या सीटवर आई. अर्थात हा आकडा मला खूप नंतर कळला. त्या दिवशी एवढंच दिसलं, की टेम्परेचरचा काटा झपकन तळाला गेला, इंजिनचा पिवळा दिवा लागला, रेडिएटरचा पंखा विमान उडायला निघाल्यासारखा घोंघावायला लागला, एसी बंद आणि पिकअप गायब. ॲक्सिलरेटर दाबतेय, गाडी ढिम्म. मागे टँकरवाला हॉर्नवर बसलेला.

‘थांबव गं कुठेतरी,’ आई म्हणाली. एक्सप्रेस-वेच्या घाटात ‘कुठेतरी’ थांबणं काय असतं, ते ज्यांनी केलंय त्यांनाच विचारा.

रडतखडत कडेला घेतली. इंजिन बंद केलं, पाच मिनिटांनी चालू केलं, तर काटा जागेवर, पिकअप झकास. जणू काही झालंच नव्हतं.

गाडी सेकंडहँड. टर्बो डिझेल हॅचबॅक, तीन वर्षांच्या फ्रीलान्सिंगच्या बचतीतून घेतलेली. (चेक कधी येईल याचा भरवसा नसलेल्या माणसानं गाडी घेऊ नये, हे घरच्यांचं मत मी ऐकलं नव्हतं.) घ्यायचं कारण आईच होती. ती डोंबिवलीत एकटी, मी पुण्यात. तिला अधूनमधून छातीत धडधड व्हायची, म्हणून पुण्यातल्या हार्टच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं होतं.

डॉक्टरांनी ईसीजी काढला. नॉर्मल.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडी स्कॅनरला लावली. ‘जुना कोड आहे मॅडम, पी०११८. आत्ता काहीच नाही.’ कूलंट टेम्परेचर सेन्सर बदलला, १८५० रुपये घेतले. दहा दिवसांत तेच. मग थर्मोस्टॅट बदलू म्हणाले. मग सुपरवायझरनं विचारलं, ‘तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता का?’ क्लचचा आणि तापमानाचा काय संबंध, हे विचारायचं मला घरी आल्यावर सुचलं. शेवटी त्यांचं निदान आलं, ईसीयू बदला. चाळीस हजार. गाडी त्यांच्यासमोर एकदाही बिघडली नव्हती.

फोनवर आईला सांगितलं, तर म्हणाली, ‘माझंही तसंच आहे. दवाखान्याची पायरी चढले की धडधड बंद. डॉक्टरला वाटतं, म्हातारी उगाच बोलतेय.’

मी सरळ एक ओबीडी डोंगल मागवलं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचं, ब्लूटूथनं मोबाइलला जोडायचं. गाडी चालत असताना प्रत्येक सेकंदाचं तापमान आणि मॅनिफोल्डचं प्रेशर नोंदवून ठेवतं. चांदणी चौक, कात्रजचा घाट, जमेल तिथे फिरवली. चौथ्या दिवशी कात्रजच्या चढावर सापडलं. ८८, ८९, ८९, उणे ४०, उणे ४०, ८९.

आता तुम्हीच सांगा, ८९ अंशांवरचं इंजिन एका सेकंदात बर्फापेक्षा थंड कसं होईल? म्हणजे थर्मोस्टॅट निर्दोष. हा सेन्सर म्हणजे एक थर्मिस्टर. थंड असताना त्याचा रेझिस्टन्स जास्त, तापला की कमी. वायरच तुटली तर रेझिस्टन्स अनंत, आणि ईसीयूला वाटतं, फारच थंडी आहे बुवा! उणे ४० हे तापमान नसतंच मुळी, पलीकडे कुणी नाही एवढाच त्याचा अर्थ. मग घाबरून ईसीयू पंखा फुल्ल सोडतो आणि इंजिनची ताकद आवळतो.

ग्राफमध्ये आणखी एक गंमत होती. प्रत्येक वेळी उणे ४० आलं, ते टर्बोनं जोर धरला तेव्हाच. सपाट रस्त्यावर एकदाही नाही. का, ते मात्र मला कळेना.

ते कळलं वारज्याच्या मिस्त्रीकाकांना. मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी ग्राफ पाहिला. ‘ताई, जोर लागला की इंजिन माउंटिंगवर कलतं. वायर ताणली जात असणार. उभ्या गाडीत कशाला दिसेल?’

त्याआधी त्यांनी मला एक खेळ दाखवला. बदललेला जुना सेन्सर मी जपून ठेवला होता. तो चहाच्या गरम पाण्यात बुडवून मल्टिमीटर लावला. गार असताना अडीच हजार ओहमच्या आसपास असलेला आकडा अजिबात न अडखळता दोनशेपर्यंत उतरला. सेन्सर ठणठणीत. माझे १८५० रुपये पाण्यात, तेही उकळत्या!

मग इंजिन तापवलं. मी सीटवर मोबाइल घेऊन, काका बॉनेटखाली एकेक वायर हलवतायत.

‘आता?’

‘नाही.’

‘आता?’

‘उणे चाळीस! काका, तीच!’

कनेक्टरच्या मागे चार बोटांवर वायर आतून तुटली होती. वरचं प्लास्टिक शाबूत, आतली तांब्याची तार दोन तुकडे. पूर्वी कुणीतरी केबल टाय इतका कचकून आवळला होता, की हलायला जागाच नव्हती. काकांनी नवा कनेक्टर जोडला, वायर थोडी सैल सोडली, स्लीव्ह चढवली. साडेतीनशे रुपये. मी पाचशे दिले, त्यांनी दीडशे परत केले.

पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना मीच विचारलं, सतत नोंद ठेवणारं काही नसतं का? असतं, होल्टर म्हणतात. छातीला इलेक्ट्रोड, कमरेला डबी, २४ तास. सोबत डायरी, काही वाटलं की वेळ लिहायची. आईनं पहिल्याच पानावर लिहिलं, ‘५.१०, भाजीची पिशवी, दुसरा मजला.’ रेकॉर्डिंगमध्ये ५.१० लाच ठोके सुसाट पळालेले दिसले. डॉक्टरांनी या वेळी पूर्ण अर्धा तास दिला. गोळी सुरू झाली.

परवा पुन्हा तिला घेऊन पुण्याला निघाले. खोपोली मागे पडली तसा आईनं माझा मोबाइल हातात घेतला आणि चष्मा लावून कॉमेंट्री सुरू केली. ‘अठ्ठ्याऐंशी... एकोणनव्वद... नव्वद झाले गं, चालतील ना?’

‘चालतील.’

‘एकोणनव्वद. तू समोर बघ.’