पेपरनंतरची बारा वर्षं

गडचिरोलीतल्या खेड्यांमधल्या बायकांनी नवजात बाळांचे जीव घरच्या घरी वाचवून दाखवले, त्याचा पेपर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला १९९९ साली. ‘आशा’ म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासायचं, असा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला २०११ साली. त्या पेपरइतकाच मी या मधल्या बारा वर्षांचा विचार करत आलो आहे.

मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आमच्याकडे संशोधनाची वाट ठरलेली असते. आधी एमडीचा थिसिस, थिसिसमधून पेपर, पेपर मोजून बढती, आणि बढतीनंतर नव्या विद्यार्थ्यांचे थिसिस. ज्या गावात सर्व्हे केला तिथे पुढे काय झालं, हे विचारणारा टप्पा या वाटेवर कुठेच येत नाही. मुलं कष्टाळू असतात. उन्हातान्हात घरोघर फिरतात, दार उघडेपर्यंत ओट्यावर थांबतात, रात्री बसून फॉर्म तपासतात. एवढ्या कष्टाने जमवलेलं ज्ञान लायब्ररीच्या कपाटात जाऊन बसतं, याचं मला फार वाईट वाटतं. ज्या बाईने चूल सोडून अर्धा तास आपल्या प्रश्नांना उत्तरं दिली, तिचं आपण काही देणं लागतो.

म्हणून गडचिरोलीकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. अभय आणि राणी बंग नागपूरला डॉक्टर झाले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९८६ साली गडचिरोलीत त्यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. राणीताईंचा १९८९चा अभ्यास दोन गावांतल्या ६५० बायकांचा. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा कुठला ना कुठला त्रास होता आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले की त्या काळी खेड्यातल्या बाईच्या आरोग्याचा विचार कुटुंबनियोजनापाशीच का थांबला होता ते कळतं. बाई आजारी आहे हे दवाखान्याला ठाऊकच नव्हतं.

नवजात बाळांचं काम त्यानंतरचं. ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. तुलनेसाठी ४७ गावं होती. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, श्वास अडला तर मास्कने हवा देणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि गरज पडली तर जेंटामायसिनची सुई देणं, हे सगळं त्या शिकल्या. हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती, ती संख्या तिसऱ्या वर्षी २५.५वर आली. तुलनेच्या गावांत ती साठीच्या आसपासच राहिली.

त्याआधी न्यूमोनियावर काम करताना त्यांनी श्वास मोजायचं एक साधन बनवलं होतं. सुइणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. म्हणून मणी आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेल्या मण्यापर्यंत पोचलं तर बाळाला न्यूमोनिया. मला हे साधन फार मोलाचं वाटतं. ज्या हाताने निदान करायचं, त्या हाताला काय येतं आणि काय येत नाही, हे आधी पाहून मग ते घडवलेलं आहे. आमच्या अभ्यासक्रमात अशा कामाला मार्क नाहीत.

आता ती बारा वर्षं. गावात सिद्ध झालेली गोष्ट सरकारी कार्यक्रमात येताना अख्खी येत नाही. आशांच्या भेटी ठरल्या, प्रसूती दवाखान्यात झाली तर सहा, घरी झाली तर सात. वजनकाटा, थर्मामीटर, ब्लँकेट आलं. भेटी पूर्ण केल्या की २५० रुपये मानधन ठरलं. सुई मात्र आशांच्या हाती दिली गेली नाही. सुई कुणी टोचावी याबद्दल डॉक्टरांना वाटणारी भीती मी समजू शकतो. चुकीच्या हातातल्या सुईने झालेलं नुकसान आम्ही सगळ्यांनीच पाहिलेलं आहे. पण गडचिरोलीत ती सुई एकटी नव्हती. तिच्यामागे प्रशिक्षण होतं आणि नियमित येऊन नोंदी तपासणारं माणूस होतं. देशाच्या पातळीवर हा आधार उभा करणं अवघड पडलं, तेव्हा सुईच काढून टाकणं सोपं झालं. मग जे देशभर पोचलं ते १९९९च्या पेपरात सिद्ध झालेलंच होतं का, हा प्रश्न मला आजही महत्त्वाचा वाटतो, आणि तो विचारणं हे संशोधनच आहे.

मीठ-साखर-पाण्याची कहाणी याच प्रश्नाशी येऊन भिडते. १९७१च्या बांगलादेश युद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाइन संपत आलं होतं. तिथले डॉक्टर दिलीप महालनोबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोड्याचं पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातांनी पाजायला लावलं. मृत्यू ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. शोध तिथे सिद्ध झाला, पण तो घराघरांत नेण्याचं काम १९८०पासून दहा वर्षं बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ या संस्थेने केलं. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. कार्यकर्त्या एकेका आईला शिकवत एक कोटीहून अधिक घरांत गेल्या. त्यांचा पगार किती घरं केली यावर नव्हता. काही दिवसांनी दुसरं कुणी जाऊन आईला विचारी. तिला जेवढं आठवे, जेवढं नीट करता येई, त्यावर पैसे ठरत. तरीही आधी आया ते पाणी फारसं वापरेनात. शोध घेतला तेव्हा दिसलं, कार्यकर्त्यांचाच त्यावर विश्वास नव्हता आणि घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग दोन्ही दुरुस्त केलं. वापर का होत नाही याचा हा पाठलाग मला मूळ शोधाइतकाच थोर वाटतो.

क्षयरोगाच्या बाबतीत आपल्याकडे असा पाठलाग फार आधी झाला होता. घरी राहून औषधं घेतली तरी सॅनेटोरियमइतकाच गुण येतो, हे १९५९ साली मद्रासमधल्या अभ्यासाने दाखवलं. पण रुग्ण सापडायचा कसा? खेडूत लोक अडाणी, त्यांना खोकल्याचं काही वाटत नाही, अशी समजूत होती. देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी बंगळुरूच्या क्षयरोग संस्थेतून लोकांनाच जाऊन विचारलं, आणि १९६३ साली त्यांचा अभ्यास छापून आला. बहुतेक रुग्णांना आपली लक्षणं ठाऊक होती. निम्म्याहून अधिक जण दवाखान्यात जाऊनही आले होते, आणि खोकल्याची बाटली घेऊन परतले होते. अडलेलं होतं ते दवाखान्यात. तेव्हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भर साध्या दवाखान्यात आपणहून आलेल्या खोकणाऱ्या माणसाची थुंकी तपासण्यावर आला.

सध्या माझ्याकडे एका विद्यार्थिनीने थिसिससाठी जो विषय आणला आहे, त्याचं मूळ मला याच परंपरेत दिसतं. तिला आशाताईंना विचारायचं आहे की कुठल्या दिवसाची भेट राहून जाते आणि का. पावसाळ्यात नाल्याला पाणी असतं तेव्हा सातवा दिवस कसा साधतात, बाळंतीण माहेरी गेली तर तिचं कार्ड कुणाकडे जातं, वजनकाटा बिघडला तर तो कुणाला द्यायचा आणि तोवर बाळाचं वजन कोण करतं. विभागात या विषयावर पुष्कळ चर्चा झाली. यात नवं काय, असंही विचारलं गेलं. मी सही केली आहे. एकच अट घातली: निष्कर्ष आधी तालुक्याच्या मासिक सभेत, आशाताईंसमोर मांडायचे, त्यांचं म्हणणं लिहून घ्यायचं आणि मग पेपर पाठवायचा.