खालची ओळ

काही छंद चारचौघांत सांगण्याजोगे असतात. कुणी तिकिटे जमवतो, कुणी गुलाबाची कलमे करतो, कुणी उतारवयात सतार शिकू लागतो, ऐकणारा ‘वा!’ म्हणतो आणि दुसऱ्या विषयाकडे वळतो. माझा छंद सांगितला की ऐकणारा वळत नाही. तो थांबतो आणि विचारतो, ‘म्हणजे नक्की काय करता?’ तेव्हा तेच आधी सांगून टाकते.

जपानमध्ये फार थोड्या पैशांत काढलेले आणि खुद्द जपानमध्येही आता फारशा कुणाला न आठवणारे काही चित्रपट आहेत. त्यांत एखादी साधी मुलगी संकटाच्या वेळी मुखवटा चढवते, भडक पोशाखात उंच कठड्यावर उभी राहते आणि खाली जमलेल्या दुष्टांची खोड मोडते. अशा चित्रपटांतले बोलणे ऐकून मी त्याखाली मराठी ओळी घालते. कुणी सांगितलेले नाही, कुणी दमडी देत नाही. चित्रपट माझे नव्हेत. खालची ओळ तेवढी माझी.

मी तोक्योतल्या निशी-कासाईत राहते. तिथे आपल्या लोकांची वस्ती एवढी, की कोथिंबिरीसाठी वणवण करावी लागत नाही. दिवसा मी यंत्रांच्या माहितीपुस्तकांची भाषांतरे करते. झडप डावीकडे फिरवावी की उजवीकडे, हे आठ तास लिहिल्यावर रात्री सैतानाचे बोलणे लिहायला मिळाले की जिवाला बरे वाटते. मात्र हे काम मी केवळ विरंगुळा म्हणून करत नाही. ते कुणासाठी करते, हे पुढे येईलच.

मुखवट्यातल्या वीरांची जपानला जुनी हौस. १९५८ साली तिथल्या दूरचित्रवाणीवर ‘गेक्को कामेन’ हा पांढऱ्या पोशाखातला वीर अवतरला आणि पोरे पाठीवर फडकी बांधून हिंडू लागली. बायकांची पाळी जरा उशिरा आली. १९७१ साली सुरू झालेल्या एका मालिकेतली शाळामास्तरीण पुढे पुढे मुखवटा घालून लढू लागली. १९८९ मध्ये तोएई कंपनीने चित्रगृहाची वाट न धरता थेट कॅसेटवर निघणारे चित्रपट काढले. त्यांना ‘व्ही-सिनेमा’ असे नाव पडले. त्यातलाच १९९० चा ‘ओन्ना बातोरु कोप्पु’. टेनिस खेळणारी एक तरुणी मरणाच्या दारातून परत येते ती अर्धी यंत्र होऊन. तोएईपाशी थोडा तरी पैसा होता. तिच्यापेक्षा लहान माणसांनीही कॅसेटी काढल्या आणि त्यांच्यापाशी तोही नव्हता. एक ओसाड दगडखाण, चार राक्षसी मुखवटे, धुराची नळकांडी आणि एक धीट मुलगी, एवढ्यावर त्यांनी जग वाचवले. (त्यातले काही चित्रपट घरात सर्वांनी मिळून बघण्याजोगे नाहीत, त्यांच्या वाटेला मी जात नाही.)

दगडखाण म्हटले की मला तोचिगी प्रांतातला इवाफुने डोंगर आठवतो. दगड काढून काढून त्याची एक बाजू उभी कापली गेली आहे, आणि त्या कड्यापुढे कितीतरी वीर धुराच्या लोटांतून चालत आले आहेत. मी मुद्दाम जाऊन पाहिला. पडद्यावर परग्रह वाटणारी ती जागा प्रत्यक्षात फार शांत आहे. वर देऊळ आहे.

आणखी एक गंमत. मुखवटा चढला की आत बहुधा दुसरेच माणूस असते. उड्या आणि मारामाऱ्या करणारे हे नट वेगळे, आणि वीरांगनेच्या पोशाखातही पुष्कळदा पुरुषच असतो. ज्यांच्या आजोबांनी बालगंधर्वांच्या शालूचे कौतुक केले, त्या आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही.

आता कामाकडे. चित्रपटाच्या ओळी एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहायच्या असतात. ओळीचा क्रमांक, ती केव्हा दिसावी, केव्हा जावी, आणि मग मजकूर. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजायची. पडद्यावर एका वेळी दोनच ओळी. वाचणाऱ्याला अवधी मिळाला पाहिजे, पण पुढचा माणूस बोलू लागण्याआधी ओळ गेलीही पाहिजे. सत्तर मिनिटांच्या चित्रपटाला माझ्या सहाशे-सातशे ओळी होतात. या कॅसेटींवर जपानी ओळीही नसतात, त्यामुळे सगळी मदार कानांवर. खाणीतला वारा आणि फटाक्यांचे आवाज यांतून एखादे वाक्य वीस वीस वेळा ऐकावे लागते.

आधी मी इंग्रजी ओळी करत असे. मराठीत करू लागले तेव्हा लक्षात आले, की इतके दिवस मी उगाच उलट्या दिशेने पोहत होते. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते, तसे आपल्याही. नायिका अर्धे वाक्य बोलून थांबते, वारा सुटतो, आणि मग ती ‘गय करणार नाही’ हे शेवटचे तुकडे टाकते. इंग्रजीत तो ‘नाही’ आधीच सांगून मोकळे व्हावे लागते. मराठीत तो तिच्या तोंडून निघतो तेव्हाच पडद्यावर उमटतो. अनोळखी बाईला जपानी माणूस ‘ओने-सान’ म्हणतो. आपण ‘ताई’ म्हणतो, झाले! आणि घरातून निघताना म्हणायचे ते ‘इत्ते किमासु’. शब्दशः अर्थ ‘जाऊन येते’. मुलगी पायांत बूट चढवते, बाहेर राक्षस वाट पाहतो आहे हे तिला ठाऊक आहे आणि आईला ठाऊक नाही, आणि ती रोजच्यासारखे म्हणते, ‘जाऊन येते’. इंग्रजीत मी तिथे काय काय घालून पाहिले, सगळे कोरडे. मराठीत क्षणभरही विचार करावा लागला नाही.

१९९० सालच्या ‘बिशोजो कामेन पोवात्रिन’ या मालिकेचे नावच घ्या. शाळकरी मुलीला देव भेटतो आणि गावाच्या रक्षणाचे काम सोपवतो, अशी ती खट्याळ गोष्ट. ‘पोवात्रिन’ हा शब्द फ्रेंच, आणि त्याचा अर्थ छाती. इतर भाषांतले भाषांतरकार इथे खाकरून पुढे जात असतील. आपल्याकडे मात्र एकटीने दुष्टांपुढे उभे राहायला छातीच लागते!

पण मराठीने एका ठिकाणी माझा घाम काढला. एका व्हिडिओपटात मुखवट्याआडचा वीर पुरुष आहे अशी दुष्टांची समजूत असते आणि शेवटी मुखवटा निघतो तेव्हा ती मुलगी निघते. जपानी क्रियापदाला लिंग नाही, तेव्हा तिथे ती तासभर खुशाल बोलते. मराठीत ‘मी आले’ म्हटले की गुपित फुटले, ‘मी आलो’ म्हटले की ते खोटे. मग मी तिला तासभर ‘मी पाहिले’, ‘मी ओळखले’, ‘मला जायचे आहे’ अशीच वाक्ये दिली. सकर्मक भूतकाळात आपली बाई आणि आपला पुरुष सारखेच बोलतात, ही मराठीची कृपा. मुखवटा निघाल्यावर पहिली ओळ घातली, ‘हो, मीच आले होते.’ ती टंकताना माझे हात थरथरले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

आता ते कुणासाठी, हे सांगते. माझी थोरली बहीण, अक्का, मिरजेला असते. छापखान्यात मुद्रिते तपासण्यात तिची हयात गेली. दहा-बारा वर्षांपूर्वी तिचे कान गेले; यंत्र लावले की नुसती खरखर ऐकू येते, म्हणून ते डबीत. घरात कुणी तिला दुखावत नाही. पण रात्री सगळे टीव्हीपुढे बसले, हसले, आणि तिने ‘काय झाले ग?’ विचारले की सून म्हणते, ‘नंतर सांगते हं.’ ते नंतर कधी येत नाही. पुढे पुढे ती टीव्हीकडे पाठ करून वाती वळत बसू लागली. एका दिवाळीत मी घरी गेले, तेव्हा ते पाहिले आणि मला अन्न गोड लागेना.

पुढच्या वर्षी मी पेन ड्राइव्ह घेऊन गेले. पहिल्या खेपेस टीव्हीने अक्षरांऐवजी चौकोन दाखवले, तेव्हा ओळी चित्रातच छापून घेतल्या. आमच्या घरात जपानी कुणाला येते? मुलगा, सून, नातवंडे, शेजारचे काका, सगळेच त्या रात्री अक्काइतके बहिरे. सगळ्यांना वाचायचे, आणि वाचण्यात अक्काचा हात कोण धरणार! राक्षसाने काही मूर्खपणाचे बोलताच ती सर्वांच्या आधी खो खो हसली. नात वळून म्हणाली, ‘आजी, थांब ना, आमची अजून वाचून व्हायचीय!’

मुखवट्यावाला चित्रपट मी मोठ्या उमेदीने दाखवला. मुखवटा निघाला, पोरे ओरडली. अक्का शांत. मी खुणेने विचारले, तशी म्हणाली, ‘मला कधीच कळले होते. इतके मोजून बोलते म्हणजे बाईच असणार.’

तेव्हापासून तिची पत्रे येतात, म्हणजे फोनवर काढलेली कागदाची छायाचित्रे. समासात तांबडी शाई. ‘ओळ २१४. ऱ्हस्व हवा.’ ‘ओळ ३८०. राक्षस असला म्हणून काय झाले, सासऱ्याला अरे-तुरे करणार नाही.’

या वर्षीची कॅसेट मी नाकानोच्या जुन्या मालाच्या दुकानातून आणली. या फितींचे आता काही खरे नाही. कॅसेटची यंत्रे बनवणारी शेवटची जपानी कंपनी, फुनाई, २०१६ च्या जुलैअखेर थांबली. माझे यंत्र बिघडले की दुसऱ्या जुन्या यंत्राचे सुटे भाग शोधावे लागतात. या फितीत एके ठिकाणी चार मिनिटे आवाजच उरलेला नाही. नायिका रात्री उशिरा घरी येते, दंडाला लागले आहे ते लपवते, आई दारात उभी राहून काही बोलते, मुलगी मान हलवते. ओठ हलतात, शब्द नाही. मी तिथे ओळ घातली नाही.

गेल्या महिन्यात अक्काचे तांबडे अक्षर आले. ‘ओळ ४४१ नंतर एक सुटली आहे. आई तिला जेवलीस का म्हणून विचारते आहे.’

मी ती चार मिनिटे पुन्हा पुन्हा पाहिली. आईचा हात पाहिला, मुलीची मान पाहिली. तसे असेलही. फाइलीत मी आता ४४२ हा क्रमांक घालून ठेवला आहे, त्याच्यापुढे आरंभीची वेळ आणि शेवटची वेळ मोजून लिहिली आहे. मजकुराची जागा मोकळी आहे, आणि अक्का रोज विचारते आहे, पूर्ण केव्हा होणार म्हणून.