पीठ तिंबू नकोस

जांब समर्थ, ता. घनसावंगी
चैत्र शुद्ध चतुर्थी

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

स्कोन दगड झाले म्हणून अख्खं ताट कचऱ्यात टाकलंस, हे वाचून माझी झोप उडाली. अगं, तूप-गूळ घालून कुस्करले असतेस तर मलिदा झाला असता! वहिनीच्या कानावर घालत नाही, पण पुन्हा असं करायचं नाही.

तू विचारलंस एवढंच, की मनुकांबरोबर आपल्या मोसंबीची साल चालेल का. चालेल. वरवरची तेवढी किस, खालचा पांढरा भाग कडू. पण खोट सालीत नाही, तुझ्या मनगटात आहे. तू पीठ तिंबलंस! पोळीची कणीक तिंबतात, कारण ती लाटताना ताणली गेली पाहिजे. स्कोनचं पीठ तिंबलं की त्यातला चिकटपणा जागा होतो आणि ओव्हनमध्ये तोच आखडून बसतो.

मी तर म्हणते, जिला मोहन कळलं तिला सगळं कळलं. हल्ली ग्रॅम मोजतात, फोनवर बघून बघून करतात, पण मोहन चोळलेलं पीठ मुठीत दाबून मुटका वळतो का, हे कुणी बघत नाही. त्या दिवाळीच्या शंकरपाळ्या आठव, बापूंचा दात आठव! काकूनं मोहनात काटकसर केली होती, दुसरं काही नाही. शंकरपाळ्यांना मोहन कडकडीत लागतं. स्कोनला उलट, लोणी फ्रिजमधलं, थंडगार. बोटांच्या टोकांनीच चोळायचं, कारण तळव्याला ऊब असते. लोण्याचे बारीक कण राहू देत. ते ओव्हनमध्ये वितळतात, त्यांच्या जागी पोकळी राहते आणि स्कोन हलका होतो. तुझ्या एक्झिटरच्या थंडीत हे सोपं आहे. इथं चैत्रात लोणी हात लागताच पातळ होतं, म्हणून मी पहाटेच उरकते.

मैदा 225 ग्रॅम, लोणी 50, साखर 25, दूध 150 मिलीपेक्षा जरा कमीच. तिकडचं सेल्फ-रेझिंग पीठ असेल तर बेकिंग पावडर त्यात असतेच, वर आणखी ओतू नकोस. दूध सुरीनंच कालव. लाटणं नको, थापून इंचभर जाड ठेव. वाटीनं कापताना वाटी फिरवू नकोस, कडा मिटल्या की फुगायला वाट उरत नाही. आणि दूध पडताच पावडर कामाला लागते, तेव्हा ओव्हन आधीच 220 अंशांवर तापलेला हवा. 12 ते 15 मिनिटं पुरतात. साय आधी की जॅम आधी, यावरून डेव्हन आणि कॉर्नवॉलवाले भांडतात म्हणे. तू डेव्हनात राहतेस, साय आधी लाव. भाडेकरूनं घरमालकाशी वाद घालू नये.

पण मला एक सांग, ताटभर स्कोन केलेस कुणासाठी? दुपारच्या चहाला कोण आलं होतं, ते पत्रात कुठंच नाही. रात्रपाळी करून आलीस, झोपली नाहीस, आणि एकटीच पीठ घेऊन बसलीस, असंच ना? जेवतेस का नीट? मागच्या वेळी फोनवर तुझा आवाज बसलेला होता, सर्दी म्हणालीस. मला ती सर्दी वाटली नाही.

इकडे नवमीच्या उत्सवाची गडबड आहे. राममंदिरात मांडव पडलाय. आपला नारायण, म्हणजे समर्थ रामदास, बाराव्या वर्षी लग्नातून पळाला, चोवीस वर्षांनी परतला, तोवर आई राणूबाईंची दृष्टी गेली होती, हा प्रसंग कीर्तनात बुवा रंगवून सांगतात. बायका पदर डोळ्यांना लावतात. तुझा बाप नेमका तेव्हाच मांडवाबाहेर जातो, पान खायला म्हणून. पान तो खात नाही.

त्याला रविवारी फोन कर, सकाळी, मोसंबीला पाणी द्यायला जायच्या आत. आणि खालच्या मजल्यावरच्या त्या केरळच्या मुलीला चहाला बोलव. स्कोन कडक झाले तरी बोलव. साखरेत मुरवलेली साल येणाऱ्याच्या हाती पाठवते आहे, पण ती साल आल्याशिवाय स्कोन करणारच नाही म्हणून अडून बसू नकोस.

तुझी,
नमूआत्या

ता. क. रात्रपाळी कधी संपते, ते नक्की लिही. मागच्या पत्रात टाळलंस.