पोलिसांचा कागद आणि एक तार

१/ २५ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत अंबानींच्या निवासस्थानाजवळ स्फोटके ठेवलेली मोटार सापडली. ती ठाण्यातील ज्या व्यापाऱ्याकडे असे, त्याचा मृतदेह ५ मार्चला मुंब्र्याच्या खाडीत मिळाला. हेच पाणी पुढे आमच्या बाळकुमच्या कडेने घोडबंदरकडे जाते. १३ मार्चला एनआयएने सचिन वाझे यांना अटक केली. मोटारीचा तपास आरंभी याच अधिकाऱ्याकडे होता.

२/ घरी बातम्या पाहताना आजीने विचारले, "पोलिसच गुन्हेगार असेल, तर गुन्हा लिहून घेणार कोण?" मी तेव्हा इतिहासाच्या पदवीवर्गात होतो. मला उत्तर सुचले नाही.

३/ तो खटला न्यायप्रविष्ट आहे, त्यामुळे निवाडा देणे माझे काम नव्हे. पण त्यात अटक झालेल्यांपैकी एक, पॅरोलवर सुटलेला पोलीस शिपाई, एका जुन्या प्रकरणात दोषी ठरलेला होता. आजीच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या प्रकरणात सापडले.

४/ ११ नोव्हेंबर २००६. पोलिसांची नोंद अशी : वर्सोव्यात संध्याकाळी चकमक झाली आणि गुंड रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया मारला गेला. फिर्यादी पोलीस, पंचनामा पोलिसांचा, तपासही पोलिसांचाच. कागद निर्दोष होता.

५/ पण त्याच दिवशी दुपारी त्याला वाशीतून उचलून नेले होते. त्याच्या वकील भावाने चकमकीची बातमी येण्यापूर्वीच वरिष्ठांना तारा आणि फॅक्स पाठवले. तारेवर वेळेची नोंद असते. ती नोंद पोलिसांच्या हातातली नव्हती.

६/ किंमतही मोठी पडली. लखनभैयाबरोबर उचललेला मित्र हा प्रमुख साक्षीदार होता. २०११ मध्ये साक्षीच्या काही दिवस आधी तो नाहीसा झाला; नंतर त्याचा मृतदेह मिळाला. तरीही जुलै २०१३ मध्ये १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप झाली. योगायोग असा, की देशातील तार सेवा त्याच महिन्यात बंद झाली.

७/ सत्र न्यायालयाने निर्दोष सोडलेले माजी अधिकारी प्रदीप शर्मा यांना १९ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने दोषी ठरवले. त्याविरुद्ध त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आहे.

८/ मित्रहो, हे तुम्हा-आम्हा अभ्यासकांना का सांगतो? कारण स्वातंत्र्यलढा असो वा गिरणी संप, आपण कितीतरी वेळा पोलिसांच्या दफ्तरावर विसंबतो. सरकारी शिक्का दिसला की लेखणी निश्चिंत होते. उद्या कुणा संशोधकाला २००६ ची केवळ ती पहिली फिर्याद मिळाली असती, तर त्याने प्रामाणिकपणे खोटा इतिहास लिहिला असता.

९/ म्हणून आता दफ्तरखान्यात बसलो, की प्रत्येक कागदाला दोन प्रश्न विचारतो : तुला लिहिले कुणी, आणि त्याच दिवशी दुसऱ्या कुणी काही लिहिले होते का?

१०/ आजीला परवा ही हकिकत सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे ज्याचं माणूस जातं, त्यानंच लिहायचं." मी मान हलवली. मग म्हणाली, "आणि ज्याला लिहिता येत नाही, त्यानं?"

याचे उत्तर मी अजून शोधतो आहे.