सानाकची झुडपं

पऱ्हाटी उपटून नेल्यानंतरच्या रानाला एक वेगळा वास असतो. तापत चाललेल्या काळ्या मातीचा, मुळांबरोबर वर आलेल्या खोलवरच्या ओलीचा, आणि बोंडांच्या वाळक्या नखल्यांत अडकून राहिलेल्या धुळकट कापसाचा. लोणार तालुक्यातल्या आमच्या बीबी गावाच्या शिवारात सोयाबीनने कपाशीची बरीच जागा घेतली, तरी फाल्गुनात कुठल्या ना कुठल्या बांधावर पऱ्हाट्यांचे नाहीतर तुराट्यांचे भारे रचलेले दिसतात, आणि दिवस कलता कलता ते डोक्यावर घेऊन गावाकडे निघालेल्या बायाही दिसतात. गॅस घरोघर आला, पण अंघोळीचं पाणी चुलीवरच तापावं आणि भाकर चुलीवरचीच गोड लागावी, ही समजूत काही गावातून गेलेली नाही. भारा बांधायची एक रीत आहे, तो एकटीने डोक्यावर चढवायचं एक कसब आहे, आणि कुठल्या काड्या धूर करतात, कुठल्या धडधडून जळतात, याचं एक ज्ञान आहे. हे सगळं कोणत्या पुस्तकात लिहिलेलं असेल, असं मला वाटलं नव्हतं.

आणि तरी एका कादंबरीची सुरुवात नेमकी इथेच होते. एक विधवा बाई आपले कुत्रे बरोबर घेऊन घराबाहेर पडते, अंथरुणाखालच्या चटईसाठी झुडपांच्या काड्या गोळा करायला. तिचं नाव सानाक, आणि कादंबरीचंही तेच. ती राहते ती भूमी कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या उत्तर टोकाला, जिथे झाड असं उभं राहतच नाही, जमिनीला बिलगून झुडपं तेवढी सरपटतात. बर्फाचं घर बांधायचं, सीलची कातडी शिवायची, कुत्र्यांना खाऊ घालायचं, लहानग्या कुमाकला सांभाळायचं, अशा अठ्ठेचाळीस छोट्या प्रकरणांत ही कथा पसरली आहे. मोठं असं फारसं काही घडत नाही, आणि वाचता वाचता ध्यानात येतं की एक अख्खं जग घडून गेलं.

ती लिहिणाऱ्या बाईचं नाव मितिआर्जुक नप्पालुक. जन्म १९३१चा. बापाला मुलगा नव्हता म्हणून थोरल्या लेकीने शिकारही शिकून घेतली आणि बायकांची शिवणटिपणही. तिच्या लेखनात दोन्हीकडचे शब्द इतक्या सहजतेने येतात ते त्यामुळेच असावं. १९५०च्या दशकाच्या आरंभी ल्युसियन श्नायडर नावाचा ख्रिस्ती मिशनरी तिच्याकडे आला. त्याला तिथल्या इनुइट लोकांची भाषा शिकायची होती. रोजच्या वापरातले शब्द येतील अशी वाक्यं लिहून दे, एवढंच त्याचं मागणं. मितिआर्जुकने पेन्सिल घेतली आणि वाक्यं लिहू लागली. पण सुटी, अनाथ वाक्यं लिहिण्यात तिचा जीव रमेना. वाक्याला माणूस हवा, माणसाला घर हवं, घराला शेजारी हवेत. पाहता पाहता सानाक उभी राहिली. तोवर मितिआर्जुकने एकही कादंबरी वाचलेली नव्हती. उपचारासाठी तिला दूर दक्षिणेकडच्या रुग्णालयांत राहावं लागलं, मध्ये लेखन खंडित झालं, पुन्हा सुरू झालं, आणि सुमारे वीस वर्षांनी ते पुरं झालं. मानववंशशास्त्रज्ञ बर्नार सालादाँ द'आंग्ल्युर यांनी ते हस्तलिखित जिवाच्या आस्थेने सांभाळलं. १९८४ साली ते मूळ भाषेत छापून आलं, २००२ साली फ्रेंचमध्ये आणि २०१४ साली इंग्रजीत.

मितिआर्जुकचं गाव कांगिक्सुजुआक. हडसन सामुद्रधुनीच्या काठावरचं, हजाराच्या आतल्या वस्तीचं. नकाशावर त्या गावावर बोट ठेवून मी जरा आत, जमिनीकडे सरकवलं, तर तिथे एक गोल निळा ठिपका दिसला, आणि लोणार तालुक्यात राहणाऱ्या माणसाला तो ठिपका ओळखायला वेळ लागत नाही. पिंगुआलुइत. आभाळातून पडलेल्या दगडाने केलेलं विवर, आणि विवराच्या पोटात सरोवर. रुंदी सुमारे साडेतीन किलोमीटर, वय सुमारे चौदा लाख वर्षं. आपलं लोणार त्याच्या निम्म्याने, एक किलोमीटर आठशे मीटरच्या आसपास, आणि अलीकडच्या कालमापनानुसार पावणेसहा लाख वर्षांचं. दोन्ही सरोवरांतून एकही नदी बाहेर पडत नाही. पण पिंगुआलुइतचं पाणी जगातल्या सर्वांत नितळ पाण्यांपैकी एक, नुसत्या पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं. आणि लोणारचं खारं, क्षारयुक्त, हिरवट, २०२०च्या जूनमध्ये तर क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे चक्क गुलाबी झालेलं. तिथे कमळजादेवीच्या देवळापाशी उभं राहिलं की त्या पाण्याचा उग्र दर्प नाकात बसतो, आणि वर विवराच्या काठावर धारेचं गोडं पाणी अखंड पडत असतं. एकाच तऱ्हेच्या आघातातून इतकी निराळी दोन पाणी निपजावीत, याचं मला नेहमी नवल वाटत आलं आहे.

ही विवरं जगाला 'सापडली' ती कधी, याच्याही नोंदी आहेत. लोणार १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला; पिंगुआलुइत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी वैमानिकांना, आणि १९५० साली तिथे हिरे मिळतील या आशेने गेलेल्या चब नावाच्या माणसाला. काही वर्षं त्या विवराला त्याचंच नाव होतं. इनुइट तर तिथे पिढ्यान् पिढ्या जात-येत होते, आणि लोणारला लवणासुराचा वध करणारा विष्णू दैत्यसूदनाच्या देवळात शतकानुशतकं उभा होता. आभाळातून काही पडलं की त्याची लांबी, रुंदी, खोली मोजायला माणसं दुरून येतात. काड्या गोळा करायला निघालेल्या बाईची खोली मोजायला कोण येणार? तिच्या कामाची नोंद व्हायची तर ती तिच्याच हाताने, नाहीतर तिच्या अगदी जवळ बसलेल्या कुणाच्या तरी हाताने व्हावी लागते.

लोणारच्या या मुलखातून चक्रधरस्वामी गेले होते. त्यांच्या आठवणींच्या लीळाचरित्रात लोणार आहे, मेहकर आहे. स्वामी गेल्यानंतर म्हाइंभटांनी शिष्यांच्या मागे लागून आठवणी गोळा केल्या. कुणापाशी स्वामी काय बोलले, कुठे बसले, काय जेवले, कुणाला हसले. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडातल्या रिद्धपूरला हे काम झालं आणि मराठीला गद्याचं पहिलं मोठं पुस्तक मिळालं, तेही असल्या बारीकसारीक तपशिलांनी गजबजलेलं. पुढे मूळ पोथी धाडीत हरवली, तेव्हा ती पुन्हा स्मरणातूनच उतरवून काढावी लागली, असं परंपरा सांगते. भाषा गद्यात पहिलं पाऊल टाकते तेव्हा तिला सिद्धान्त सुचत नाहीत, जेवण आणि चालणं सुचतं, असं मला लीळाचरित्र आणि सानाक शेजारी ठेवून वाटत राहतं. दोहोंमध्ये सातशे वर्षांचं अंतर आहे, म्हणून हा विचार मी फार ओढत नाही.

जवळच्या हाताचं म्हणाल, तर शेजारच्या खानदेशातल्या बहिणाबाई आहेतच. त्यांना लिहिता येत नव्हतं. चुलीपाशी, शेतात, जात्यावर आलेलं गाणं मुलगा सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी टिपून घेतलं. १९५१ साली त्या गेल्या, १९५२ साली अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक आलं. जवळजवळ त्याच काळात पृथ्वीच्या माथ्यावर मितिआर्जुक पेन्सिल हातात घेत होती. तिला लिहिता येत होतं, तिच्या भाषेच्या अक्षरमालेत, जिथे एकेका आकृतीत व्यंजन असतं आणि आकृती कोणत्या दिशेला वळली त्यावरून स्वर ठरतो. ही लेखनपद्धती मुळात १८४०च्या सुमारास जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने क्री लोकांसाठी बेतली, आणि ती बेतताना त्याच्यापुढे देवनागरीचा नमुना होता, असं काही अभ्यासक मानतात. तसं असेल तर आपल्या बाराखडीची एखादी दूरची छाया त्या वहीवर पडली होती, आणि हे मला मनापासून आवडतं.

या कथेत सगळं काही उबदार आहे असं मात्र नाही. सानाकचा दुसरा नवरा तिला मारतो, इतकं की उपचारासाठी तिला दूर न्यावं लागतं. गोरी माणसं येतात, त्यांची दुकानं, त्यांचा देव, त्यांची औषधं येतात. मितिआर्जुक यातल्या कशावरही भाष्य करीत नाही. ओहोटीच्या वेळी समुद्रावरच्या बर्फाला भोक पाडून, खालच्या पोकळीत उतरून, पाणी परतायच्या आत शिंपले गोळा करायचे, ही त्या किनाऱ्यावरची जुनी रीत. तीही ज्या स्थिर आवाजात सांगितली जावी, त्याच आवाजात ती मारहाणही सांगते. आमच्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांत हाच आवाज आहे. सासुरवास, माहेर, भाऊ, पाऊस, मार, सगळं एका घरघरीच्या लयीत. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायांजवळ बसून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या नसत्या, तर गिरण्या आल्या तेव्हाच त्या मुक्या झाल्या असत्या.

मितिआर्जुकने पुढे मुलांना भाषा आणि हातची कामं शिकवली, शाळांसाठी पुस्तकं लिहिली. मॅकगिल विद्यापीठाने तिला सन्मान्य डॉक्टरेट दिली. २००७ साली ती गेली. बीबीच्या शाळेतल्या एखाद्या बाईंनी मुलांना सांगावं, असं मला फार वाटतं, की आजीकडून पऱ्हाटी, कणगी, उतरंड, तिफण, कुटार हे शब्द येतील अशी दहा वाक्यं उद्या लिहून आणा. मुलं वही घेऊन बसतील, आणि आजी बहुधा कोण्या एका बाईचं नाव घेऊनच सुरुवात करील.