टाचदुखी, मशीन आणि 10 सिटिंगचं पॅकेज

पोस्ट थोडी लांब आहे. पण घरात कुणाची टाच, खांदा किंवा कोपर दुखत असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आमच्या तालुक्याच्या गावात सध्या पेपरमधून पत्रकं पडतायत. 'ऑपरेशन नाही, इंजेक्शन नाही, शॉकवेव्हने वेदनेपासून कायमची मुक्ती.' खाली मोफत तपासणी शिबिराची तारीख.

आमच्या वहिनी खानावळ चालवतात. पहाटे पाचपासून ओट्यापाशी उभ्या. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं, म्हणून त्या शिबिरात गेल्या. तपासणी दोन मिनिटांत आटोपली. मग टेबलावरच्या मुलाने हिशोब सांगितला: 10 सिटिंग, 14 हजार. आज भरले तर 12 हजार. वहिनींनी पैसे भरले नाहीत, मला विचारलं, "भाऊजी, तुम्ही पेपरवाले. ते मशीन खरं असतंय का हो?"

प्रश्न साधा आहे, पण एका शब्दात उत्तर देता येत नाही.

मशीन खरं आहे. नावात 'शॉक' असला तरी यात करंट लावत नाहीत. या दाबाच्या लहरी असतात. मुतखडा शरीराबाहेरून फोडायच्या मशीनचंच हे भावंड. जर्मनीतली डॉर्निए ही मूळची विमानं बनवणारी कंपनी. तिथल्या संशोधनातून हे तंत्र पुढे आलं आणि फेब्रुवारी 1980 मध्ये म्युनिकमध्ये पहिल्या रुग्णाचा मुतखडा या लहरींनी फोडला गेला. नंतर हाडं आणि स्नायूंच्या दुखण्यावर त्याच लहरी कमी ताकदीने वापरायला सुरुवात झाली. अमेरिकेच्या एफडीएने 2000 साली जुनाट टाचदुखीसाठी अशा मशीनला मंजुरी दिली.

यातही दोन जाती आहेत. 'फोकस्ड' मशीनच्या लहरी आत खोलवर एका जागी एकवटतात. 'रेडियल' मशीनमध्ये हवेच्या दाबाने एक छोटा धातूचा तुकडा हँडपीसच्या टोकावर आपटतो आणि तो धक्का कातडीपासून आत पसरत जातो, जितका खोल तितका कमी. हे मशीन स्वस्त पडतं, म्हणून लहान दवाखान्यांत सहसा हेच असतं. पत्रकावर मात्र दोन्हींचं नाव एकच, 'शॉकवेव्ह'.

आता गुण किती येतो ते बघू. 2002 साली ऑस्ट्रेलियात टाचदुखीच्या 166 रुग्णांवर अभ्यास झाला. काहींना खऱ्या लहरी दिल्या, काहींना नावापुरत्या. 12 आठवड्यांनी दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं होतं, आणि दोघांत फरक जवळजवळ नव्हता. 2003 मध्ये जर्मनीतल्या 272 रुग्णांच्या अभ्यासातही तसंच दिसलं. उलट 2008 मध्ये रेडियल मशीनच्या एका मोठ्या अभ्यासात खरे उपचार घेतलेल्यांना जास्त आराम मिळाला. ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी संस्थेने 2009 मध्ये टाचदुखीबद्दल म्हटलं की सुरक्षेची मोठी चिंता नाही, पण परिणामाचे पुरावे एकसारखे नाहीत.

म्हणजे हे थोतांड नाही, आणि रामबाण तर नाहीच. महिनोन्‌महिने व्यायाम, योग्य चप्पल, विश्रांती असं सगळं करूनही दुखणं हटत नसेल, तर तज्ज्ञाच्या सल्ल्याने करून बघायचा हा पुढचा उपाय. खांद्यात कॅल्शियम साठलं असेल, टाचेमागची शीर जुनाट दुखत असेल, तिथेही वापरतात. पण पहिल्याच दिवशी, दोन मिनिटांच्या तपासणीवर, पॅकेज म्हणून? नाही.

टाचदुखीचे बहुतेक रुग्ण मशीनशिवायही वर्षभरात बरे होतात. आधी आगाऊ पैसे भरले असले की श्रेय मात्र मशीनला जातं.

वहिनी शेवटी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात गेल्या. केसपेपर काढला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पोटरी आणि तळपाय ताणायचे व्यायाम करून घेतले, मऊ तळव्याची चप्पल सांगितली, भाकरी थापताना स्टूल घ्या म्हणाल्या. चार महिन्यांनी दुखणं बरंच कमी आहे. पूर्ण गेलेलं नाही, कारण काम तेच आहे.

पण हे फुकट पडलं नाही. जायला-यायला 80 किलोमीटर, आणि प्रत्येक खेपेला खानावळीचा एक दिवस बंद. त्या तीनदा जाऊ शकल्या. वीटभट्टीवरची बाई किंवा हमाल एकदा तरी जाऊ शकेल का? पॅकेज खपतं ते इथे. लोक भोळे आहेत म्हणून नव्हे, तर नीट तपासणारा माणूस 40 किलोमीटर लांब आणि मशीन चौकात आहे म्हणून. तालुक्याच्या रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसावा, एवढी साधी मागणी आपण का करत नाही? रस्त्यासाठी मोर्चे काढतो, गुडघ्यासाठी काढत नाही.

तोवर पैसे भरण्याआधी एवढं विचारा:

1. मला नेमकं काय झालंय, ते कुणी तपासलं? त्यांचा नोंदणी क्रमांक काय? राज्यात फिजिओथेरपिस्टसाठी 2002 चा कायदा आहे. विचारायला लाजू नका.
2. मशीन फोकस्ड की रेडियल?
3. सोबत व्यायाम शिकवणार का? नसेल तर उठा.
4. एका वेळचे पैसे भरता येतात का? साधारण आठवड्याला एक अशी तीन ते पाच सिटिंग सांगितली जातात. एकदम 10 चा आग्रह कशासाठी?

आणि गरोदर असाल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, त्या जागी गाठ किंवा जंतुसंसर्ग असेल, तर हे आधी सांगा. वाढत्या वयाच्या मुलांच्या हाडांच्या टोकांवर हे मशीन लावू देऊ नका.

तुम्ही घेतले असतील हे उपचार तर खाली लिहा. दवाखान्याचं नाव नको. किती सिटिंग, किती पैसे, व्यायाम शिकवला का आणि गुण आला का, एवढंच. गुण आला असेल तर तेही मोकळेपणाने लिहा. सगळं एकत्र करून मी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवणार आहे.