देहाचें पंचांग

मनुष्यानें घड्याळ भिंतीवर टांगलें आणि काळ ही आपल्या बाहेरची वस्तु आहे, असा त्याचा ग्रह झाला. गाडीची वेळ बदलते, कॉलेजची घंटा अर्धा तास अलीकडे येते, आणि देहानें हें सारें निमूटपणें पाळावें अशी आपली अपेक्षा असते. परंतु देहाजवळ स्वतःचें पंचांग आहे. तें तो सहसा कोणाला दाखवीत नाहीं, इतकेंच.

या पंचांगाचा पहिला दाखला एका लाजाळूच्या रोपानें दिला. द मेरां या फ्रेंच ज्योतिर्विदानें 1729 सालीं तें अंधारांत ठेवलें. सूर्याचें दर्शन नसतांही त्याचीं पानें दिवसा उघडत आणि रात्रीं मिटत. पुढें 1972 सालीं अमेरिकेंतील संशोधकांना उंदरांच्या मेंदूंत, डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू जेथें एकमेकांस ओलांडतात त्याच्या अगदीं वर, या घड्याळाचें ठिकाण सांपडलें. सुमारें 20,000 पेशींचा तो इवलासा पुंजका! 1990 मध्यें तर नवलच झालें. कांहीं हॅमस्टरांचा दिवस जन्मतःच 20 तासांचा होता. त्यांच्या वंशांतील हा पुंजका, स्वतःचा पुंजका गमावलेल्या दुसऱ्या हॅमस्टरांच्या मेंदूंत बसविला. तेव्हां त्यांचाही दिवस 20 तासांचा झाला. दुसऱ्याचा दिवस आपल्या डोक्यांत चालूं लागावा, ही कल्पना एखाद्या पुराणिकाला तरी सुचली असती काय?

भुकेची गोष्ट याहून न्यारी. ओग्युस्त फोरेल हा स्विस शास्त्रज्ञ उन्हाळ्यांत घराबाहेर न्याहारी करीत असे व तेथील मुरंब्यावर मधमाशा येत. 1910 सालीं त्यानें लिहून ठेवलें कीं, बाहेर मुरंब्याचा थेंबही नसला तरी त्या नेमक्या वेळीं हजर होत. मेंदूंतील तो पुंजका काढून टाकला तरी उंदीर जेवणाच्या वेळेआधीं अस्वस्थ होतात, हें 1979 मध्यें दिसून आलें. म्हणजे भुकेचें घड्याळ निराळेंच! यकृतही प्रकाशापेक्षां जेवणाच्या वेळेकडे पाहून आपला कांटा लावतें. माझा एक पुतण्या पुण्यास रात्रपाळीवर असतो. त्याचे साहेब अमेरिकेंत जागे असतात तेव्हां हा येथें जागतो. सुटीच्या दिवशीं दुपारीं तो आमच्या पंगतीला बसतो आणि पानांतला भात नुसता चिवडीत राहतो. "काकू, भूकच नाहीं हो," असें तो म्हणाला कीं स्वयंपाक बिघडला असावा असें हिला वाटतें. मला वाटतें, त्याच्या एका देहांत दोन गांवांचीं घड्याळें चालूं आहेत.

मला स्वतःला हें पंचांग वाचावयास शिकविलें तें माझ्या उजव्या करंगळीनें. दोन वर्षांपूर्वीं तावदानाची काच मनगटांत शिरली आणि तेथील एक मज्जातंतु तुटला. शल्यवैद्यांनीं तो सांधला; पण जखमेपुढचा तंतु झडून जातो आणि नवा अंकुर जुन्या नळींतून वाट काढीत रोज सुमारें 1 मिलिमीटर वाढतो, असेंही त्यांनीं बजावलें. मीं पट्टी घेऊन मनगटापासून करंगळीच्या टोंकापर्यंतचें अंतर मोजलें. तें 14 सेंटिमीटर भरलें. म्हणजे जवळजवळ पांच महिने! चहाचा पेला कढत आहे हें करंगळीला कळेना. ज्या हातानें तीस वर्षें फळ्यावर लिहिलें, तो परक्याचा वाटूं लागला, आणि तो पुन्हां आपला होईल कीं नाहीं या शंकेनें कित्येक रात्री झोंप उडविली. पैसा, वशिला, उतावीळ, कशानेंही त्या एका मिलिमीटराचे दोन होईनात. सहाव्या महिन्यांत प्रथम परत आलें तें सुख नव्हे, तर मुंग्या आणि झिणझिण्या. त्याही मला गोड वाटल्या. आज स्पर्श पूर्वीसारखा नाहीं, पण आहे.

2023 मध्यें लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील संशोधकांनीं उंदरांत असें दाखविलें कीं, तुटलेला तंतु किती जोमानें वाढेल, हें जखम कोणत्या प्रहरीं झाली यावरही अवलंबून असतें. दिवस, भूक आणि जखम हीं एकाच पंचांगाचीं पानें निघालीं! ग्रहताऱ्यांचा मुहूर्त कोणी मानो वा न मानो, पेशींचा मुहूर्त मात्र मानावाच लागेल. आजाऱ्याला "अजून बरें कसें वाटत नाहीं?" असें विचारणाऱ्यांनीं आणि तरुण मुलांच्या रात्री विकत घेणाऱ्यांनीं एवढें तरी ध्यानांत ठेवावें.